साथीच्या दिवसांत अत्यावश्यक कामांसाठी बाहेर पडताना: नेमकं काय, किती आणि कसं

खुली_खिडकी (धागाकर्ता)

साथ आली की "घराबाहेर पडू नका" ही सूचना लगेच येते, पण घर चालायचं थांबत नाही. औषधं संपतात, किराणा संपतो, बँकेत जाऊन सही करावी लागते, आजारी शेजाऱ्याला सामान पोचवावं लागतं. अशी कामं ज्यांना टाळता येत नाहीत त्यांच्यासाठी हा धागा. २०२० पासूनच्या कोविडच्या वर्षांत जे नीट कळलं ते मोजमापांसकट एका जागी असावं, म्हणजे पुढच्या वेळी पहिल्या आठवड्यापासून कामाला येईल. जाणकारांनी भर घालावी, चूक दिसली तर स्पष्ट सांगावी.

मुख्य मुद्दा आधी. श्वासातून पसरणाऱ्या आजारात धोका तीन गोष्टींच्या गुणाकारातून ठरतो: आतली हवा किती कोंदट, तुम्ही तिथे किती वेळ, आणि मास्कच्या कडेने किती हवा शिरते. गुणाकार हा शब्द मुद्दाम वापरलाय. तिन्ही गोष्टी निम्म्यावर आणल्या तर एकूण मात्रा आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून एकाच गोष्टीत शंभर टक्के गाठायची धडपड करण्यापेक्षा तिन्हींत थोडी थोडी सुधारणा जास्त फायद्याची.

कोविडच्या सुरुवातीला बहुतेक घरांत सगळी मेहनत पिशव्या आणि पाकिटं पुसण्यात गेली, आणि मास्क मात्र हनुवटीवर राहिला. २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने जाहीर केलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून कोविड होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० त १ पेक्षाही कमी आहे. तोवर वर्ष उलटून गेलं होतं.

निघण्यापूर्वी घरीच उरकायच्या गोष्टी:

यादी दुकानातल्या मांडणीच्या क्रमाने लिहा, म्हणजे एकदा आत शिरलात की मागे फिरावं लागत नाही. प्रत्येक वस्तूपुढे दुसरा पर्याय लिहून ठेवा. "हे नाहीये, मग काय आणू?" असा फोन आतून करावा लागला की तीन-चार मिनिटं वाढतात, आणि फोनवर आवाज नीट जावा म्हणून माणूस नकळत मास्क खाली ओढतो. यादी कागदावर असली तर फोन खिशातून काढावाच लागत नाही.

घरातून एकानेच जायचं, आणि शक्यतो दर वेळी त्याच व्यक्तीने. तिला सर्दी, घसा, ताप, अंगदुखी यातलं काहीही असेल तर त्या दिवशी दुसऱ्याने जावं किंवा काम पुढे ढकलावं. पाच कामं पाच दिवसांत करण्यापेक्षा एकाच फेरीत बसवा. आधी उघड्यावरची कामं, मग बंद जागेतली, आणि थंड ठेवायच्या वस्तू सर्वांत शेवटी.

वेळेबद्दल एक प्रश्न जाणकारांना: दुकान उघडल्या उघडल्या गेलेलं बरं हे उघड आहे. पण बंद व्हायच्या आधीचा तास रिकामा असला तरी दिवसभराची हवा आत साचलेली असते का?

---

हवेचं_गणित

धागा अतिशय गरजेचा. प्रश्नाचं उत्तर: दिवसभराची हवा साचत नाही, मागच्या दीड-दोन तासांची साचते.

खोलीत तासाला किती वेळा ताजी हवा येते याला हवाबदल म्हणू. हवा सगळीकडे नीट मिसळत असेल तर एका हवाबदलात जुनी ६३ टक्के हवा जाते, १०० टक्के नाही, कारण येणारी ताजी हवा जुनीत मिसळूनच बाहेर पडते. तीन हवाबदल झाले की ९५ टक्के जाते. दारं-खिडक्या बंद असलेल्या दुकानात तासाला दोन हवाबदल होत असतील तर ९५ टक्क्यांसाठी दीड तास लागेल. तासाला सहा असतील तर अर्धा तास. सीडीसीने २०२३ च्या मे महिन्यात इमारतींसाठी तासाला किमान पाच हवाबदलांचं लक्ष्य सुचवलं. त्यात शुद्ध करून परत सोडलेली हवाही धरली आहे.

म्हणजे बंद व्हायच्या वेळेला जाताना एवढंच पाहायचं, की आधीचे दीड-दोन तास गर्दी होती का. संध्याकाळची गर्दी ओसरून अर्धाच तास झाला असेल तर दुकान रिकामं दिसतं, हवा मात्र गर्दीचीच असते.

हवा मोजायची तर कार्बन डायऑक्साइडचा मीटर. उघड्यावर साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतात, उच्छ्वासात सुमारे ४०,०००. आत १,२२० दिसले तर वरचे ८०० पीपीएम लोकांच्या फुफ्फुसांतून आले. ८०० भागिले ४०,००० म्हणजे २ टक्के: तुम्ही आत घेतलेल्या दर ५० श्वासांतला एक अख्खा दुसऱ्या कुणाच्या तरी छातीतून येतोय. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की जागा निवडायला मन आपोआप तयार होतं. ८०० पीपीएमच्या आत असेल तर जागा बरी, १,२०० च्या वर असेल तर काम लवकर आटपा, १,५०० च्या वर असेल आणि पुढे ढकलता येत असेल तर ढकला.

मीटर घेताना त्यात एनडीआयआर (अवरक्त प्रकाशाने वायू मोजणारा) सेन्सर आहे याची खात्री करा. काही स्वस्त मीटर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, हवेतल्या इतर वाफांवरून अंदाज बांधतात. त्यांच्याजवळ हाताला सॅनिटायझर लावलं की आकडा उसळी मारतो. ओळखायची खूण हीच. खरा मीटर उघड्यावर १५-२० मिनिटं ठेवला की ४०० ते ४५० च्या आसपास स्थिरावतो. तसं झालं नाही तर तिथेच कॅलिब्रेट करावा.

मीटरची मर्यादाही सांगतो. हेपा फिल्टरचं (अगदी बारीक कण गाळणारं) यंत्र चालू असेल तर ते विषाणू टिपतं, पण कार्बन डायऑक्साइड तसाच राहतो. तिथे आकडा उगाच घाबरवतो. आणि मोठ्या रिकाम्या दालनात आकडा कमी असला तरी एखादा आजारी माणूस तुमच्या तोंडासमोर उभा राहून बोलत असेल तर तो कमी आकडा काही वाचवत नाही.

मीटर नसेल तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: इथे कुणी विडी-सिगारेट ओढत असतं तर मी उभा आहे तिथे धूर आला असता का, आणि तो गेल्यावर किती वेळ राहिला असता? विषाणू वाहणारे बारीक कण जवळजवळ त्या धुरासारखेच फिरतात.

---

कागदी_पिशवी

एक प्रश्न. दोन मीटर अंतर ठेवलं तर मास्क ढिला असला तरी चालेल ना? सगळीकडे जमिनीवर गोल आखले होते ते त्यासाठीच ना?

---

हवेचं_गणित

नाही. अंतराचा उपयोग दोन प्रकारे होतो. मोठे थेंब एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात, आणि बोलणाऱ्याच्या तोंडासमोरचा दाट झोत तेवढ्या अंतरात विरळ होतो. बारीक कण मात्र खोलीभर पसरतात आणि तासन्‌तास तरंगू शकतात. २०२० च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हवेत सोडलेला विषाणू तीन तासांनंतरही जिवंत सापडला होता. प्रयोगही तेवढाच वेळ चालला होता.

उघड्यावर अंतर पुरेसं होतं, कारण वारा उरलेलं काम करतो. बंद खोलीत अंतर हवंच, शिवाय खेळती हवा आणि घट्ट मास्कही हवा. वेळ मोजतानाही एक चूक होते. "१५ मिनिटांपेक्षा कमी" हा आकडा बाधिताच्या जवळ आलेली माणसं शोधणाऱ्यांच्या सोयीसाठी होता. त्यात २४ तासांतली सगळी मिनिटं मिळून १५ धरायची असं २०२० च्या ऑक्टोबरमध्ये स्पष्ट करण्यात आलं. चौदाव्या मिनिटापर्यंत सुरक्षित असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

---

नाकाची_पट्टी

आता मास्ककडे येऊ. लोक कापडाचे थर मोजत बसतात आणि फट मोजत नाहीत. चांगल्यात चांगला मास्क नाकाजवळ बोटभर उघडा राहिला तर हवा तिथूनच जाणार, कारण तिथे अडथळा सगळ्यांत कमी असतो.

एन९५ हा प्रकार ०.३ मायक्रोमीटरच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवतो, केएन९५ या चिनी प्रकाराचीही अट ९५ टक्के, एफएफपी२ या युरोपीय प्रकाराची ९४. म्हणजे तिघांच्या कापडात फार फरक नाही. फरक बसण्यात आहे. एन९५ चे पट्टे डोक्यामागून जातात म्हणून तो चेहऱ्यावर दाबून बसतो. कानाला अडकवायच्या मास्कचा ताण कमी पडतो. तसाच वापरायचा असेल तर दोन्ही दोऱ्या डोक्यामागे एका आकड्यात (हुकमध्ये) अडकवा. कान दुखत नाहीत आणि गालाजवळची फट मिटते.

घालायची पद्धत सावकाश वाचा, कारण चूक इथेच होते.

हात स्वच्छ करून मास्क तळहातावर घ्या, नाकाची पट्टी बोटांच्या टोकांकडे. हनुवटीखालून लावा. वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंच भागावर, खालचा कानांच्या खालून मानेवर. दोन्ही पट्टे एकमेकांना ओलांडता कामा नयेत, ओलांडले की गालाजवळ मास्क चुरगळतो. मग दोन्ही हातांची दोन-दोन बोटं नाकाच्या दांड्यावर ठेवा आणि दाबत दाबत बाहेर गालांकडे न्या, तीन-चार वेळा. एका हाताच्या चिमटीने पट्टी दाबू नका. चिमटीने मधोमध टोकदार घडी पडते आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक बोगदे तयार होतात. आरशात ते दिसत नाहीत, पण चष्म्यावर वाफ धरते ती तिथूनच.

तपासणी दर वेळी करायची. दोन्ही तळवे मास्कवर अलगद ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला तर पट्टी पुन्हा दाबा, गालांच्या कडेने लागला तर पट्टे मागे सरकवा. मग झटकन श्वास आत घ्या, मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. शेवटी मान डावी-उजवीकडे, वर-खाली करा आणि दोन वाक्यं मोठ्याने बोला. बोलताना मास्क नाकावरून घसरत असेल तर तो आकार तुमच्या चेहऱ्याचा नाही. कडेखाली दाढीची दोन दिवसांची खुंटं असली तरी कड टेकत नाही, हे पुरुषांनी लक्षात घ्यावं.

सर्जिकल मास्कच हाताशी असेल तर दोन उपाय आहेत. एक, मास्क उभा दुमडून प्रत्येक कानाच्या दोरीला अगदी कडेशी गाठ मारायची आणि बाजूला फुगलेली घडी आत खोचायची. दुसरा, त्यावरून घट्ट बसणारा कापडी मास्क घालायचा, जो खालच्याच्या कडा चेहऱ्यावर दाबून धरतो. एन९५ वर किंवा त्याच्या खाली मात्र दुसरा मास्क घालू नये, बसणं बिघडतं.

झडपेचा मास्क घालणाऱ्याला वाचवतो, पण तुमचा उच्छ्वास न गाळता समोरच्याच्या तोंडावर सोडतो. साथीत तो नकोच. दोन वर्षांखालच्या मुलांना कोणताही मास्क लावू नये, श्वास कोंडण्याचा धोका असतो.

---

कागदी_पिशवी

मी विचारलं ते बरं झालं म्हणायचं! एन९५ धुवून किती वेळा वापरता येतो?

---

नाकाची_पट्टी

धुवायचाच नाही. त्याच्या मधल्या थरातली छिद्रं विषाणूपेक्षा कितीतरी मोठी असतात. तो चाळणीसारखा काम करतच नाही. त्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो आणि बारीक कण त्याला चिकटतात. साबण किंवा अल्कोहोल लागलं की भार उतरतो. मास्क दिसायला नवा राहतो, गाळणं मात्र निकामी होतं. सॅनिटायझरचा फवारा मारणंही त्यामुळेच नको.

वापरून झाल्यावर कागदी पाकिटात किंवा हवेशीर जागी खुंटीला टांगून सुकू द्या. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत दमटपणा राहतो. चार-पाच मास्कवर दिवसांच्या चिठ्ठ्या लावून आळीपाळीने वापरले की प्रत्येकाला सुकायला पुरेसे दिवस मिळतात. टंचाईच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी एक मास्क पाचपेक्षा जास्त वेळा घालू नये अशी मर्यादा दिली होती, त्यामागे मुख्य कारण पट्टे सैल होणं हे होतं. घरच्या वापरातही हीच परीक्षा: श्वासाची तपासणी जमत नाही, पट्टा सैल पडलाय, मास्क ओला किंवा मळका झालाय, यातलं एकही दिसलं की टाका. काढताना खालचा पट्टा आधी, मग वरचा, पुढच्या भागाला हात न लावता.

---

पायरी_पायरी

खेळती हवा आणि मास्क यांवर छान लिहिलंय. मी फक्त त्या जागांबद्दल लिहिते जिथे लोक बेसावध असतात.

लिफ्ट: आत एकटे असलात तरी मास्क काढू नका, आधी उतरलेल्याची हवा तिथेच असते. वेळ अर्ध्या मिनिटाचा असतो म्हणून एरवी धोका मर्यादित, फक्त आत बोलायचं नाही. मोठ्याने बोलण्यातून नुसत्या श्वासापेक्षा कितीतरी जास्त कण बाहेर पडतात.

एटीएमची काचेची खोली: आधीचा माणूस बाहेर आला की दार उघडं धरून थोडं थांबा, मगच आत जा. रक्कम आणि खातं बाहेरच ठरवून ठेवा, आत विचार करत उभं राहू नका.

टॅक्सी: मागे, चालकापासून तिरक्या कोपऱ्यात बसा. चारही काचा उघड्या असणं सगळ्यांत उत्तम. थंडी-पावसामुळे दोनच उघडता येत असतील तर चालकाच्या पलीकडची पुढची आणि तुमच्या पलीकडची मागची अशा उघडा. आपापल्या बाजूच्या काचा उघडण्यापेक्षा हे सरस ठरतं, कारण हवा मागून शिरून पुढून बाहेर पडते आणि दोघांच्या मध्ये वाहता पडदा तयार होतो. एसी लावायचाच असेल तर गाडीच्या चित्रात आत वळलेला बाण असलेलं बटण बंद ठेवायला सांगा. ते चालू असलं की आतलीच हवा फिरत राहते.

बिलाचा काउंटर: समोरची पारदर्शक काच बोलताना उडणारे थेंब अडवते. लोक ऐकू येत नाही म्हणून तिच्या कडेने डोकं पुढे काढून बोलतात, मग तिचा उपयोग काय? जे सांगायचं ते कागदावर लिहून काचेवर धरा. पैसे मोजायचे असतील तर सुटे आधीच वेगळ्या खिशात, कार्ड असेल तर हातात.

पेट्रोल पंप: नळी हाताळून झाल्यावर हात स्वच्छ करा, आधी नको. सॅनिटायझर पूर्ण सुकेपर्यंत स्टार्टर, काडी, ठिणगी या कशाच्याही जवळ हात नेऊ नका. अल्कोहोलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, भाजल्यावरच कळतं.

दारावर कपाळाला लावतात त्या तापमापक पिस्तुलावर भिस्त ठेवू नका. कोविडमध्ये लक्षणं दिसायच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस आजार पसरवू शकत होता, त्या माणसाला ताप नसतोच.

---

प्रयोगवही

रसायनांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण यात इजा झालेल्यांची संख्या छोटी नव्हती.

सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल किमान ६० टक्के हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात इथेनॉल ८० टक्के किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५ टक्के आहे. जास्त तीव्र म्हणजे जास्त चांगलं हा समज चुकीचा. प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं, शिवाय शुद्ध अल्कोहोल काम व्हायच्या आत उडून जातं. तळहाताच्या खोलगट भागात मावेल एवढं, म्हणजे सुमारे ३ मिली घ्या आणि २० ते ३० सेकंद चोळा. अंगठे, बोटांची टोकं आणि बोटांच्या मधल्या बेचक्या हमखास राहतात. १०-१५ सेकंदांतच हात कोरडे झाले तर घेतलेलं कमी पडलं असं समजा. बाटलीचं झाकण ढिलं असेल आणि ती गाडीत उन्हात राहिली तर आधी अल्कोहोल उडतं, मागे पाणी उरतं. वास मंद झाला की बाटली बदला.

लेबलावर मिथेनॉल असेल किंवा घटकच लिहिलेले नसतील तर घेऊ नका. २०२० मध्ये मिथेनॉल मिसळलेली सॅनिटायझरं बाजारात सापडली होती. ते पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो. लहान मुलं असलेल्या घरात बाटली उंचावर.

हात मळके किंवा तेलकट असतील तर अल्कोहोल नीट पोचत नाही. साबण-पाण्याने २० सेकंद चोळा आणि पुसून कोरडे करा. बाहेरून आल्यावर साबणच सरस.

फरशी-कड्या पुसायला ब्लीच: ०.१ टक्के द्रावण हवं. हिशोब सोपा आहे. १०० ला बाटलीवरच्या टक्क्यांनी भागा, उत्तर येईल तेवढे मिली ब्लीच घेऊन पाण्याने एक लिटर करा. बाटली ५ टक्क्यांची असेल तर २० मिली, ४ टक्क्यांची असेल तर २५ मिली. आधी घाण साबणाने काढा, मग द्रावण लावून किमान एक मिनिट ओलं राहू द्या. लगेच पुसलं तर नुसताच वास राहतो. द्रावण रोज ताजं करा, उजेडात आणि वेळ गेला की क्लोरीन कमी होतो.

ब्लीचमध्ये संडास धुवायचं आम्लाचं द्रावण कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरमध्येही नको. दोन स्वच्छता द्रव्यं एकत्र केल्याने ताकद वाढत नाही. खिडक्या बंद करून केलेल्या अशा मिश्रणाने माणसं रुग्णालयात पोचली आहेत.

माणसांवर जंतुनाशकाचे फवारे, हातावर अतिनील दिवे, हे दोन्ही बंद. फवारा डोळे आणि श्वासनलिका जाळतो, दिवा त्वचा आणि डोळे. फळं-भाज्या फक्त वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. साबण किंवा ब्लीच सालीच्या बारीक छिद्रांत राहून पोटात जातं.

---

दुसरी_बाजू

सगळं पटलं, पण एक धोक्याची सूचना करावीशी वाटते. "पृष्ठभाग सोडून द्या" हा निष्कर्ष कोविडपुरता आहे. पुढची साथ श्वासाचीच असेल असं कोण सांगणार? कॉलराची सातवी महासाथ १९६१ पासून सुरू आहे आणि ती पाणी आणि अन्नातून पसरते. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोविषाणूवर अल्कोहोलचा परिणाम कमकुवत होतो, तिथे साबण-पाणी आणि बरंच तीव्र ब्लीच लागतं. त्वचेच्या स्पर्शाने पसरणाऱ्या आजारात कपडे-चादरी महत्त्वाच्या ठरतात. साथ कशी पसरते हे कळेपर्यंतच्या पहिल्या काही आठवड्यांत दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतील.

---

खुली_खिडकी (धागाकर्ता)

अगदी बरोबर, शीर्षकातच "श्वासातून पसरणाऱ्या" असं हवं होतं. तुमच्या मुद्द्यावरून क्रम असा धरता येईल: पहिल्या आठवड्यांत हातही आणि हवाही. पसरण्याचा मार्ग स्पष्ट झाला की त्या दिशेला जोर वाढवायचा आणि दुसरीकडचा कमी करायचा. कोविडमध्ये ही दुसरी पायरी फार उशिरा आली. माणसं दमून गेली, आणि दमलेला माणूस आधी मास्क सोडतो.

हवेचं_गणित यांनी वर सांगितलेल्या त्याच २०२० च्या प्रयोगात विषाणू प्लॅस्टिकवर ७२ तास, स्टीलवर ४८ तास, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत सापडला होता. त्यावरून लोकांनी सामान तीन दिवस बाजूला ठेवायला सुरुवात केली. पण सुरुवातीला टाकलेली मात्रा मोठी होती आणि शेवटी उरलेला अंश अगदी थोडा होता, हा भाग बातम्यांत आलाच नाही.

---

औषधपेटी

सामान तीन दिवस बाजूला ठेवण्यावरूनच सुरू करते, कारण औषधांच्या बाबतीत ते घातक ठरतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं, बाल्कनीच्या उष्णतेत तीन दिवस पडलं तर ते बिघडू शकतं. नेता-आणताना थंड पिशवीत, पण बर्फाच्या पुडक्याला थेट टेकवू नका, मध्ये कापड घाला. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखं दिसलं तरी निकामी असतं, टाकून द्या. इतर नाशवंत सामानही थंडाव्याबाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, बाहेर ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर एक तास.

गोळ्यांच्या पट्टीवर सॅनिटायझर फवारू नका. छापलेली मुदत आणि मात्रा पुसली जाते, आणि मग दोन सारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांत कोणती कुठली हे सांगता येत नाही. हात धुवा, पट्टी तशीच ठेवा.

रोजच्या औषधांचा महिनाभराचा साठा असू द्या आणि दहा दिवसांचं उरलं की मागणी नोंदवा, संपायच्या दिवशी नाही. चिठ्ठीचा आणि जुन्या पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो आधी पाठवला तर तयार पाकीट मिळतं आणि काउंटरवरचा वेळ दोन मिनिटांवर येतो. दुसऱ्यासाठी आणत असाल तर नाव, मिलिग्रॅम आणि संख्या या तीन गोष्टी फोनवर त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या. मुलांच्या पातळ औषधात तर "किती मिलिलीटरमध्ये किती मिलिग्रॅम" हे वाचल्याशिवाय घेऊच नका, एकाच नावाच्या दोन बाटल्यांत ते वेगळं असतं. तापाच्या गोळीबरोबर सर्दीची मिश्र गोळी घेत असाल तर दोन्हींत पॅरासिटामॉल नाही ना ते पाहा. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, यकृताचा त्रास असेल तर त्याहून बरीच कमी.

हातमोज्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. बाजारहाटाला ते नकोत. मोज्याला लागलेलं सगळं फोनला, पाकिटाला, चष्म्याला लागतं, आणि मोजे आहेत म्हणून माणूस हात धुवत नाही.

---

कागदी_पिशवी

आमच्या मजल्यावर विलगीकरणात असलेल्या आजोबांना सामान द्यायचं आहे. दारात ठेवून निघालं तर पुरेसं आहे ना? त्यांना उचलायला वेळ लागतो.

---

पायरी_पायरी

पुरेसं आहे, फक्त क्रम ठरवून घ्या. निघण्यापूर्वी फोन करून सांगा, म्हणजे ते मास्क लावून तयार राहतील. जमिनीवर ठेवू नका, दाराबाहेर स्टूल ठेवा, वाकावं लागणार नाही. एका मोठ्या पिशवीऐवजी दोन-दोन किलोच्या लहान पिशव्या करा. घंटा वाजवा आणि जिन्याच्या खिडकीशी, दोन मीटरपेक्षा जास्त लांब जाऊन थांबा. पिशव्या आत गेल्या आणि दार लागलं हे दिसेपर्यंत जाऊ नका. ते धडपडले तर कुणाला कळायला हवं ना? मजल्यावरची खिडकी आधीच उघडून ठेवा, कारण त्यांचं दार उघडलं की घरातली हवा बाहेर येते. चौकशी दारात उभं राहून नको, खाली आल्यावर फोनवर निवांत करा. त्यांना बोलायला कुणीतरी हवंच असेल, तेही सामानाइतकंच गरजेचं आहे.

कचऱ्याची पिशवी त्यांनी आतूनच गाठ मारून दुसऱ्या पिशवीत घालावी, तुम्ही ती नेल्यावर साबणाने हात धुवा.

---

नाकाची_पट्टी

त्यांना श्रवणयंत्र असेल तर एक जोड: कानाच्या दोरीचा मास्क काढताना यंत्र दोरीत अडकून पडतं आणि हरवतं. त्यांच्यासाठी डोक्यामागे पट्टे असलेला किंवा मागे आकडा लावलेला मास्कच द्या.

---

कागदी_पिशवी

श्रवणयंत्र आहेच त्यांना. आकडा आजच पिशवीत घालते. ब्लीचच्या बाटलीवर टक्के लिहिलेच नसतील तर काय करायचं, प्रयोगवही?

---

प्रयोगवही

मग ती बाटली जंतुनाशक म्हणून वापरू नका, हिशोबच करता येणार नाही. लेबलावर "सोडियम हायपोक्लोराइट" किंवा "उपलब्ध क्लोरीन" यांच्यापुढे आकडा हवा, आणि बनवल्याची तारीखही. ब्लीच बाटलीतही हळूहळू कमजोर होतं, उष्णतेत जास्त लवकर. ती मिळेपर्यंत कड्या आणि बटणं साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा. कोविडसारख्या तेलकट आवरणाच्या विषाणूला तेवढंही मोडतं.